ग्रॅव्हिटी कमी आली? साखरेचा डबा जरा बाजूला ठेवा

आजचा भाग आकडेमोडीचा आहे, म्हणजे ट्रेनमध्ये उभ्याने ऐकत असाल तर आकडे डोक्यावरून जातील. काळजी नको, वाचायला हे शब्दांकन आहेच.

आधी नेहमीची सूचना. मी इंग्लंडमध्ये राहते. इथे १९६३पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८मध्ये कायद्यावर सही केली आणि तिथेही वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात मात्र १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या मंडळींनी हा भाग माहिती म्हणून ऐका. स्वयंपाकघरात प्रयोग करायला घेऊ नका, प्लीज.

तर विषय. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला एका श्रोत्याचा मेसेज आला. रेडिंगजवळ राहतो, आतापर्यंत डब्यातल्या किटवर बिअर करायचा, पहिल्यांदाच माल्टच्या दाण्यांपासून सगळं करत होता. मेसेज असा: "ताई, लाइट एल करतोय. १.०३८ यायला पाहिजे होती, १.०३० आली. घरात अर्धा किलो साखर आहे. टाकू का? तीन आठवड्यांनी आमच्याकडे वास्तुशांतीनंतरची पार्टी आहे, वीस जण येणारेत."

मी लिहिलं, "थांब. साखर टाकू नकोस, ओतूनही देऊ नकोस. आधी तीन गोष्टी सांग."

त्या तीन गोष्टींकडे येते, पण नवीन श्रोत्यांसाठी ग्रॅव्हिटी म्हणजे काय ते एका मिनिटात. गावाकडे दूध डेअरीत लॅक्टोमीटर बघितला असेल. काचेची नळी, खाली वजन, दुधात सोडायची आणि कुठपर्यंत बुडते ते बघायचं. पाणी घातलेलं असेल तर जास्त बुडते, दूध चांगलं असेल तर वर तरंगते. आमचा हायड्रोमीटर म्हणजे त्याचाच भाऊ. माल्ट गरम पाण्यात भिजवून जे गोड पाणी निघतं, त्याला वर्ट म्हणतात. त्या वर्टमध्ये साखर किती विरघळली आहे ते ही नळी सांगते. साधं पाणी १.०००. शेवटचे दोन आकडे म्हणजे पॉइंट्स. १.०३८ म्हणजे ३८ पॉइंट्स. गाईचं चांगलं दूध साधारण २८ ते ३२ पॉइंट्सचं असतं, म्हणजे आपल्या श्रोत्याचं वर्ट दुधाएवढं दाट होतं म्हणा ना! यीस्ट ही साखर खातं आणि अल्कोहोल बनवतं, त्यामुळे सुरुवातीचा आकडा कमी असेल तर बिअर हलकी होणार. इतकं सगळ्यांना कळतं. घोळ पुढे होतो.

आणि लाइट एल म्हणजे अमेरिकेतली कमी कॅलरीवाली 'लाइट बिअर' नव्हे हां. इंग्लंडमधली ही जुनी, बाटलीतली, फिकट आणि हलकी एल. पूर्वी पबमध्ये 'लाइट अँड बिटर' मागायचे लोक: नळावरची अर्धा पाइंट बिटर आणि वरून बाटलीतली लाइट एल. साधारण ३० ते ४० पॉइंट्समध्ये ही बिअर बसते. म्हणजे मुळातच हलकी. त्यामुळे आठ पॉइंट्स कमी आले की माणूस घाबरतो, कारण आठ म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. दणकट साठ पॉइंट्सच्या बिअरमध्ये आठ कमी आले तर कुणाला कळणारही नाही.

आता ते तीन प्रश्न. पहिला: नमुना किती गरम होता? दुसरा: बादलीत नेमके किती लिटर आहे? तिसरा: शेवटी वरून पाणी घातलंस का, आणि घातलं असेल तर ढवळलंस का?

उत्तरं आली. नमुना ३४ अंश सेल्सिअसला होता. बादलीवरची खूण २५ लिटर दाखवत होती, रेसिपी २३ची होती. पाणी घातलं होतं आणि ढवळलंही होतं.

बस, इथेच अर्धी केस सुटली.

तापमानाचं बघा. गरम झालं की पाणी पसरतं, विरळ होतं. २० अंशाला पाण्याची घनता ०.९९८, ४०ला ०.९९२, ६०ला ०.९८३. म्हणजे २० अंशावर जुळवलेला हायड्रोमीटर ४०च्या नमुन्यात साधारण सहा पॉइंट्स कमी दाखवतो आणि ६०ला पंधरा! हायड्रोमीटर किती अंशाला जुळवलाय ते आतल्या कागदी पट्टीवरच लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा २०, जुन्यांवर १५.५ च्या आसपास. ३४ अंशाला चार पॉइंट्सची दुरुस्ती लागते. म्हणजे याचं वर्ट १.०३० नव्हतंच, १.०३४ होतं. अर्धी भीती थर्मामीटरनेच घालवली. दुरुस्तीची ॲप्स आहेत, वापरा, पण फार गरम नमुन्याला ॲपवरही विसंबू नका. ग्लासभर वर्ट थंड पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवलं तर २० अंशाला येतं, तेवढा धीर धरा. हायड्रोमीटरवर शंका असेल तर तो साध्या पाण्यात, त्याच्या ठरलेल्या तापमानाला सोडून बघा. १.००० दाखवला पाहिजे. ९९८ दाखवत असेल तर नेहमी दोन मिळवा, फेकून द्यायची गरज नाही. नळी एकदा गोल फिरवायची, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि डोळे पातळीला आणून वाचायचं.

आता लिटर. ही आजच्या भागातली माझी आवडती गोष्ट, हे एक समजलं की निम्मे प्रश्न पडतच नाहीत. पॉइंट्स गुणिले लिटर म्हणजे एकूण साखर. पाणी घातलं म्हणून ती वाढत नाही आणि उकळून आटवलं म्हणून कमी होत नाही. रेसिपीला हवं होतं ३८ गुणिले २३, म्हणजे ८७४. याच्याकडे होतं ३४ गुणिले २५, म्हणजे ८५०. हरवले किती? चोवीस. तीन टक्क्यांपेक्षा कमी! माल्टमधून जे यायला हवं होतं ते जवळपास सगळं आलं होतं, फक्त दोन लिटर जास्त पाण्यात पसरलं होतं. आमटी चांगलीच झालेली असते, पाहुणे वाढले म्हणून कुणीतरी पाणी वाढवलेलं असतं, तसं.

आता समजा त्याने ती अर्धा किलो साखर टाकली असती. एक किलो साखर साधारण ३८० पॉइंट-लिटर देते, म्हणजे अर्ध्या किलोचे १९०. ८५० अधिक १९०, १०४०, भागिले २५ लिटर: ४१.६. म्हणजे रेसिपीपेक्षाही वर! आणि साखर पूर्ण आंबते, मागे काही ठेवत नाही, त्यामुळे अल्कोहोल वाढतं पण तोंडात दाटपणा येत नाही. ३.८ टक्क्यांच्या बिअरच्या जागी साडेचार टक्क्यांच्या पुढची, पातळ, कोरडी बिअर तयार झाली असती, आणि यजमान सगळ्यांना सांगत फिरला असता, "घ्या घ्या, एकदम लाइट आहे." वीस जणांतले काही गाडी चालवत आलेले असणार. मला बिअर बिघडण्यापेक्षा याची जास्त काळजी वाटते. घरच्या बिअरवर लेबल नसतं, तुमचा शब्द हेच लेबल. तो शब्द आकडा नीट वाचून दिलेला असावा.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. किटवाल्यांसाठी तो पहिला प्रश्न आहे. दाट माल्टचा पाक खाली बसतो, वरून ओतलेलं पाणी वर राहतं आणि तुम्ही नमुना वरून घेता. आकडा कमी येणारच. किटमध्ये साखर डब्यात मोजून आलेली असते, ती कुठे पळून जात नाही. डबा पूर्ण रिकामा केलात, पाणी बरोबर मोजलंत, तर ग्रॅव्हिटी बरोबरच आहे, हायड्रोमीटर काहीही म्हणो. यीस्टला ढवळलेलं-न ढवळलेलं फरक पडत नाही, ते शोधून खातं.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. उकळण्याआधीचा आकडा आणि उकळल्यानंतरचा आकडा. २७ लिटर वर्ट आहे, उकळून २३ करायचंय, शेवटी १.०३८ हवंय. मग उकळण्याआधी किती दिसायला पाहिजे? ८७४ भागिले २७, म्हणजे ३२. तिथे १.०३२ बघून लोक रडकुंडीला येतात, आणि सगळं अगदी बरोबर चाललेलं असतं.

बरं, आता खरोखर कमी आली तर? नमुना २० अंशाला, लिटर बरोबर २३, ढवळलेलं, आणि तरी १.०३२. म्हणजे ७३६. १३८ पॉइंट-लिटर गायब. ही तूट खरी आहे.

कोल्हापूर-सांगलीच्या मंडळींना हे दोन शब्दांत सांगता येईल: उतारा कमी. साखर कारखान्यात ऊस किती गाळला आणि साखर किती मिळाली, त्याला उतारा म्हणतात ना, तसाच माल्टचा उतारा. इंग्लिश पेल माल्टच्या एका किलोतून जास्तीत जास्त ३०० पॉइंट-लिटर मिळू शकतात. ३.९ किलो माल्ट म्हणजे ११७०. घरच्या भांड्यांत त्यातले ७५ टक्के आले तर छान, तेच ८७४च्या आसपास जातं. इथे ७३६ आले, म्हणजे ६३ टक्के. बाकीची साखर चोथ्यात राहिली, किंवा पिष्टाची साखर झालीच नाही.

का? पहिला संशयित नेहमी दळण. माल्टचा भरडा हवा, पीठ नको आणि अख्खे दाणेही नकोत. मूठभर भरडलेला माल्ट पांढऱ्या ताटलीत पसरा. अख्खे दाणे सहज दिसत असतील तर तिथेच उतारा गेला. दुकानातून भरडून आणलात तरी बघा, कारण दुकानातल्या चक्कीची फट तुमच्या हातात नसते. दुसरं, गुठळ्या. पिठलं करताना जे होतं तेच. माल्ट एकदम ओतला की बाहेरून ओले आणि आत कोरडे गोळे राहतात. हळूहळू ओता, ढवळत राहा, दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण लाइट एलवाल्यांना ते खास छळतं: पाणी. लंडन, रेडिंग, हा सगळा भाग चुनखडीचा. किटलीत पांढरा थर जमतो तो त्याचाच. हे पाणी अल्कधर्मी असतं. माल्टमधल्या एन्झाइम्सना मात्र थोडा आंबटपणा लागतो, मॅशचा पीएच ५.२ ते ५.६. काळी स्टाउट करताना भाजलेला काळा माल्टच तो आंबटपणा देतो, म्हणून लंडनच्या पाण्यावर काळ्या बिअर जमल्या. फिकट माल्टमध्ये तेवढी ताकद नाही. पीएच वर राहतो, एन्झाइम्स रेंगाळतात, उतारा पडतो, आणि वर चवीला तुरटपणा येतो. म्हणजे तुमची स्टाउट दर वेळी बरोबर आकड्यावर येते आणि लाइट एल दर वेळी कमी, असं होत असेल तर दळण तपासत बसू नका. पीएचच्या पट्ट्या किंवा मीटर घ्या. थोडं लॅक्टिक ॲसिड, काही मिलिलिटर, मोजून. किंवा निम्मं पाणी गाळलेलं, आरओचं वापरा. मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टचं मऊ पाणी येतं, तिकडच्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

साखर झाली की नाही हे बघायला आयोडिन आहे. मॅशचं चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत, त्यावर आयोडिनचा थेंब. निळंकाळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे, अजून वीस मिनिटं ६६ अंशाला झाकून ठेवा. साल आलं असेल तर ते काळं पडतंच, फक्त पाणी बघा. आणि तो नमुना परत भांड्यात ओतायचा नाही, सिंकमध्ये.

शेवटी धुणं. कोकणात नारळाचं पहिलं दूध काढतात, मग चोथ्यात गरम पाणी घालून दुसरं. माल्टचंही तेच. घाईने एका बाजूने पाणी ओतलं तर ते वाट काढून निघून जातं आणि निम्मा चोथा गोडच राहतो. हळू, सगळीकडून. पण लाइट एलमध्ये माल्ट मुळातच कमी असतो, त्यामुळे धुता धुता येणारं पाणी लवकर फिकं पडतं. ते १.०१०च्या खाली जायला लागलं की थांबा. त्यापुढे साखर थोडी आणि सालीचा तुरटपणा जास्त येतो. म्हणजे दोन पॉइंट्सच्या हव्यासापायी चहाची पिशवी पिळून काढल्यासारखं नको.

ही सगळी पुढच्या खेपेची बात. आज भांड्यात १.०३२ आहे, त्याचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. तीन-चार पॉइंट्स कमी असतील तर हात लावू नका. यीस्ट टाका आणि झोपा. सहाच्या पुढे असतील तर विचार करू. उकळण्याआधीच लक्षात आलं तर सगळ्यात सोपं: जास्त वेळ उकळा, आणि कडवटपणाचे हॉप्स टाकायच्या आधी उकळा, म्हणजे हॉप्सचं गणित बिघडत नाही. ७३६ भागिले ३८, साडेएकोणीस लिटरपेक्षा किंचित कमी. बिअर साडेतीन लिटरने कमी मिळेल पण हवी तशी मिळेल. फक्त साडेएकोणीस लिटरला हॉप्सही त्या प्रमाणात कमी टाका.

लिटर कमी करायचे नसतील तर सुका माल्ट एक्स्ट्रॅक्ट. एक किलोतून ३६५च्या आसपास पॉइंट-लिटर मिळतात, म्हणजे १३८साठी ३७५ ते ३८० ग्रॅम. फिकट रंगाचा घ्या. थोड्या वर्टमध्ये विरघळवून दहा मिनिटं उकळा. लक्ष ठेवा, दुधापेक्षा वाईट उतू जातो. मग थंड करून बादलीत. यीस्ट टाकून दिवस झाला असेल तरी चालतं, पण फेस न उडवता, हळूच. घरात माल्ट एक्स्ट्रॅक्टचं पाकीट एक असू द्या, कांदे-बटाट्यासारखं. साखर यात सगळ्यात शेवटचा पर्याय, आणि लाइट एलमध्ये तर मी टाळतेच. आधीच हलकी बिअर, तिला अजून पोकळ कशाला करायचं?

एक गोष्ट मात्र तपासा: कडवटपणा. रेसिपीत २५ आयबीयू आणि ३८ पॉइंट्स, गुणोत्तर ०.६६. आता २५ला ३२ पॉइंट्स, म्हणजे ०.७८. बिअर थोडी जास्त कडू लागणार. बिटर आवडत असेल तर उलट मजा येईल. नसेल आवडत तर हे एक कारण आहे माल्ट घालण्याचं. अल्कोहोलचा आकडा हे माझ्या मते कारण नाहीच. हिशेब बघा: १.०३८वरून १.००९ला उतरली तर ३.८ टक्के. १.०३२वरून १.००८ला, ३.१ टक्के. पाइंटमध्ये एवढाच फरक.

आणि ३.१ म्हणजे नाक मुरडण्यासारखं काही नाही. या देशात १८८०पासून १९९३पर्यंत बिअरवरचा करच मुळी ग्रॅव्हिटीवर होता. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायला सरकारने ग्रॅव्हिटी खाली आणायला लावली. १९१४ला सरासरी ५२ पॉइंट्सच्या आसपास होती, युद्ध संपताना ३०च्या आसपास. तो आकडा पुन्हा पूर्वीसारखा वर गेलाच नाही, आणि इंग्लंडची हलकी, तासनतास गप्पा मारत प्यायची एल त्यातूनच रुळली. हल्लीचं बघा, १ ऑगस्ट २०२३पासून साडेतीन टक्क्यांच्या खालच्या बिअरला इथे कर कमी आहे. मोठमोठ्या कंपन्या मुद्दाम ३.४ टक्क्यांवर येऊन बसल्यात. ते जे ठरवून करतात ते तुमच्या बादलीत आपोआप झालं, तर ओतून कशाला द्यायचं?

पातळ लागेल अशी भीती असेल तर पुढच्या वेळी मॅश ६६ऐवजी ६८ अंशाला करा, न आंबणारी साखर जास्त राहते, तोंडात भरीवपणा येतो. थोडे ओट्स घातले तरी फरक पडतो.

शेवटचं, कारण यावर दर भागाला मेसेज येतात. 'ग्रॅव्हिटी कमी आली' असं लिहिताना सुरुवातीची की शेवटची ते सांगा. सुरुवातीची कमी म्हणजे आजचा विषय. शेवटची अपेक्षेपेक्षा फार कमी, म्हणजे १.००८च्या जागी १.००२ वगैरे, हा वेगळा मामला. मॅश थंड झाली असेल किंवा बाहेरचं यीस्ट शिरलं असेल. बाहेरचं यीस्ट बाटलीतही खात राहतं, गॅस वाढतो आणि बाटली फुटू शकते. काच आहे ती. त्यामुळे आकडा कुठलाही असो, दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही वेळा सारखाच आला तरच बाटलीत भरा. आणि तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर वापरू नका, अल्कोहोल तयार झालं की तो चुकीचं दाखवतो. हायड्रोमीटरच.

पुढच्या भागात पीएच मीटर कसा जुळवायचा ते बघू. तुमचे आकडे पाठवा, पण तापमान आणि लिटर लिहून पाठवा हं, नाहीतर मी पुन्हा तेच तीन प्रश्न विचारणार. भेटू.